लोधी गार्डन, सहा माणसं, दोन तास: एका फसलेल्या फेरीची उकल

दिल्लीतल्या लोधी गार्डनला तिकीट नाही, रांग नाही, आत गेल्यावर ‘इकडून या’ म्हणणारा कुणी नाही. त्यामुळे ही बाग बघायला तयारी लागते हे कुणाच्या मनातच येत नाही. कुतुबमिनारसाठी माणूस आदल्या रात्री वाचन करतो, लाल किल्ल्याला वेळ राखून ठेवतो आणि लोधी गार्डनला ‘जाता जाता’ जातो. मग दोन तास फिरून, पन्नास फोटो काढून बाहेर पडतो तेव्हा त्याने पाचपैकी दोन वास्तू बघितलेल्या असतात आणि त्या दोन्ही त्याला सारख्याच वाटलेल्या असतात.

इथे अशीच एक फेरी उलगडून बघू. कुटुंब नमुन्याचं आहे. बाग, वास्तू आणि चुका मात्र खऱ्या आहेत.

प्रकरण

जानेवारीचा दुसरा आठवडा, रविवार. सहा जण: चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, सत्तरीच्या आजी (दोन्ही गुडघे दुखरे, हातात काठी), मुलगा, सून, तेरा वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. दुपारी अडीचचं मुंबईचं विमान. हॉटेल सोडून सामान गाडीत टाकलेलं, गाडी दिवसभरासाठी ठरवलेली. सकाळी दोन तास मोकळे होते, म्हणून बागेत जायचं ठरलं.

ड्रायव्हरला सांगितलं, ‘लोधी गार्डन’. त्याने लोधी रोडवरच्या दक्षिणेकडच्या गेटवर सोडलं. ‘दहा वाजता इथेच या’ असं ठरलं. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं, आणि धुकं असं की पन्नास पावलांवरचं झाड राखाडी दिसावं.

पहिली वास्तू लगेच लागली: अष्टकोनी, भोवती ताडांसारखी उंच झाडं. तिथे चाळीस मिनिटं गेली, बहुतेक फोटोत. पुढे वाटेत नातवाला खारी दिसल्या. नऊ-वीसला मोठ्या घुमटाच्या चौथऱ्याखाली पोचले. चौथरा उंच, पायऱ्यांना धरायला काही नाही. आजी खाली बाकावर बसल्या, बाकीचे वर गेले. दहा मिनिटांनी आजींचा फोन आला की इथे फार गार लागतंय. सगळे खाली आले. पावणेदहा झाले होते आणि गाडी दक्षिणेच्या गेटवर यायची होती, म्हणजे आलो तेवढंच अंतर उलटं चालायचं. उत्तरेकडचं काहीच बघायचं झालं नाही. निघताना ऊन पडलं.

नेमकं कुठे चुकलं

वरवर बघितलं तर दोष धुक्याचा किंवा आजींच्या गुडघ्यांचा वाटतो. पण दोन्ही गोष्टी आदल्या रात्री ठाऊक होत्या. मोठी चूक गाडीची झाली.

बाग सुमारे नव्वद एकरांची आहे आणि तिच्यातल्या मुख्य वास्तू दक्षिणोत्तर एका लांबट पट्ट्यात आहेत. दक्षिणेच्या लोधी रोडपासून उत्तरेच्या राजेश पायलट मार्गापर्यंत सरळ अंतर पाऊण किलोमीटरच्या आसपास. वळणं, वास्तूंभोवतीच्या फेऱ्या धरल्या तर चाल किलोमीटरभर किंवा थोडी जास्त होते. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस मिनिटाला चाळीस मीटर जरी चालला तरी हे पंचवीस-तीस मिनिटांचं चालणं आहे, दोन तासांत सहज बसणारं. पण गाडी त्याच गेटवर बोलावली की चाल दुप्पट होते आणि परतीची निम्मी चाल बघितलेल्याच वाटेवरून जाते. वाईट म्हणजे, परतीचा हिशेब डोक्यात असल्याने माणूस अर्ध्यातच मागे वळतो. या कुटुंबाचं तेच झालं.

दुसरी चूक वेळेची. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दिल्लीत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, पण धुक्याच्या दिवशी ऊन खऱ्या अर्थाने साडेनऊ-दहाला लागतं. विमान अडीचचं, म्हणजे बागेतून अकराला निघालं तरी विमानतळावर साडेबाराच्या आत पोचता येतं. आठ ते दहाऐवजी नऊ ते अकरा हीच फेरी केली असती, तर तेवढ्याच वेळात ऊन मिळालं असतं, गवतावरचं दव कमी झालं असतं आणि आजी बाकावर कुडकुडत बसल्या नसत्या. लवकर गेलं की गर्दी टळते हा सरसकट नियम इथे लागू होत नाही. पहाटे ही बाग चालणाऱ्या-पळणाऱ्यांनी भरलेली असते. नऊनंतर ती मंडळी पांगतात, आणि रविवारी सतरंज्या-डबे घेऊन येणारी कुटुंबं साधारण अकरानंतर जमू लागतात. मधले दोन तास शांत असतात.

तिसरी चूक जरा नाजूक आहे. पहिली वास्तू पहिली म्हणून तिला चाळीस मिनिटं दिली, आणि काय बघायचं हे ठाऊक नसल्याने ती चाळीस मिनिटं कॅमेऱ्याने खाल्ली. दुसऱ्या घुमटापाशी नात म्हणाली, ‘हे तर आधीच्यासारखंच आहे.’ मुळात दोन्हींत फरक भरपूर आहे: एक अष्टकोनी, एक चौकोनी, एकात कबरी, दुसऱ्यात एकही नाही. पण तो कुणी दाखवला नाही तर सगळे घुमट सारखेच.

सुधारलेला आराखडा

दक्षिणेच्या गेटने आत, उत्तरेच्या गेटने बाहेर. गाडी आधीच राजेश पायलट मार्गाच्या बाजूला पाठवायची आणि पोचण्याच्या दहा मिनिटं आधी फोन करायचा, कारण तिथे रस्त्यावर गाडी फार वेळ उभी करता येईलच असं नाही. गाडी नसेल तर हाच आराखडा मेट्रोने जमतो: पिवळ्या मार्गावरच्या जोर बाग स्टेशनवर उतरून लोधी रोडने पूर्वेकडे चालत यायचं, उत्तरेकडून बाहेर पडल्यावर व्हायलेट मार्गावरचं खान मार्केट स्टेशन गाठायचं. दोन्ही बाजूंना साधारण पाऊण ते एक किलोमीटर. ज्येष्ठ असतील तर तेवढ्यापुरती रिक्षा करावी. चालायची ताकद बागेसाठी ठेवावी, फुटपाथवर घालवू नये.

दक्षिणेकडून सुरुवात करण्याचं कारण फक्त गाडी नाही. या क्रमाने चाललं की वास्तू जवळजवळ कालानुक्रमे समोर येतात. पहिली १४४४ च्या सुमाराची, दुसऱ्या ठिकाणची मशीद १४९४ ची, तिसरी पंधराव्या शतकाच्या अखेरची, चौथी १५१७-१८ ची आणि शेवटचा पूल अकबराच्या काळातला. सय्यद, लोदी, मुघल अशी तीन घराणी, शंभराहून अधिक वर्षं, एका सरळ चालीत. बागेत कुठे पाटी लावून हे सांगितलेलं नसलं तरी वाट आपोआप तशी आहे. उलट्या बाजूने शिरणाऱ्याला हीच बाग विस्कळीत वाटते. शिवाय सकाळी उत्तरेकडे तोंड करून चालताना सूर्य पाठीशी आणि उजव्या खांद्याकडे राहतो, डोळ्यांवर येत नाही.

वेळेची वाटणी अशी ठेवावी: पहिल्या कबरीला पंधरा मिनिटं, मोठ्या घुमटाच्या समूहाला तीस, शीश गुंबदला दहा, सिकंदर लोदीच्या कबरीला वीस, पुलाला दहा. एकूण पंच्याऐंशी. चालायला तीस. पाच मिनिटं हातची, ती नातू वापरेल.

मोहम्मद शाहची कबर: छत्र्या मोजा

आधी एक घोळ मिटवू. मराठी वाचकाला दिल्लीचा मोहम्मद शाह म्हटला की १७३७ साली बाजीराव दिल्लीवर धडकला तेव्हाचा बादशहा, रंगीला, आठवतो. हा तो नव्हे. रंगीला निजामुद्दीन दर्ग्याच्या आवारात पुरलेला आहे. इथला मोहम्मद शाह सय्यद घराण्याचा, त्याच्या जवळपास तीनशे वर्षं आधीचा.

इमारत अष्टकोनी. आत घुमटाखाली दालन, भोवती ओसरी, ओसरीच्या प्रत्येक बाजूला तीन कमानी. आठ कोपऱ्यांवर खालून वर निमुळते होत गेलेले तिरके आधार आहेत, त्यामुळे भिंती किंचित आत झुकल्यासारख्या वाटतात. वर घुमटाभोवती आठ छत्र्या, म्हणजे खांबांवर उभे छोटे घुमट, आहेत. इथे मुलांना एकच काम द्यावं: छत्र्या मोजायच्या आणि आकडा लक्षात ठेवायचा. चौथ्या वास्तूपाशी तो लागणार आहे. आत आठ कबरी आहेत, मधली सुलतानाची मानतात.

फोटो दूरून आणि एकाच जागेवरून काढावा, ताडाच्या जातीची उंच झाडं चौकटीत येतील असा. जवळ गेलं की घुमट कापला जातो आणि मग प्रत्येक जण मागे मागे सरकत वाफ्यात शिरतो.

आजींनी वर चढायची गरज नाही. ओसरीच्या कमानी, तिरके आधार, छत्र्या, सगळं खालून दिसतं.

मोठा घुमट: तीस मिनिटं राखून ठेवायची जागा

साधारण तीनशे मीटरवर बडा गुंबद. सगळ्या बागेत वेळ कुठे घालवावा असं विचाराल तर इथे. आणि घुमटात नव्हे, त्याला लागून असलेल्या मशिदीत.

मशिदीची दिशा समजली की निम्मं काम झालं. भारतात किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची, भिंत पश्चिमेला असते. म्हणून मशिदीचं तोंड पूर्वेला उघडतं आणि सकाळचं ऊन थेट तिच्या कमानींवर पडतं. दुपारनंतर हाच दर्शनी भाग सावलीत जातो आणि गिलाव्यावरचं कोरीवकाम सपाट दिसू लागतं. ते काम फार उथळ आहे: चुन्याच्या गिलाव्यात वेलबुट्टी, भौमितिक जाळ्या आणि कुराणातली वचनं कोरलेली. समोरून झगझगीत प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही. बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर प्रकाश आला की प्रत्येक रेषेला सावली मिळते आणि अक्षरं उठून येतात. हिवाळ्यात सकाळचा सूर्य आग्नेयेकडे, खाली असतो, त्यामुळे तो तिरकाच येतो. धुक्याच्या दिवशी मोबाइलची बॅटरी भिंतीपासून हातभर लांब, पण तिरकी धरावी. भिंतीला हात मात्र लावू नये. चुन्याच्या गिलाव्याचं मरण ओल, क्षार आणि हाताच्या तेलकटपणात असतं. हजारो बोटं फिरली की कड बोथट होते आणि पाचशे वर्षं टिकलेली रेघ एका पिढीत पुसट होते.

मशिदीत ९०० हिजरी, म्हणजे १४९४ सालाचा लेख आहे. तेव्हा गादीवर सिकंदर लोदी होता. बाहेरून मागच्या बाजूला एक चक्कर मारावी, ती बहुतेक जण मारत नाहीत. मागच्या कोपऱ्यांवर निमुळते बुरूज आहेत, त्यांच्यावरची पट्ट्यांची घडण बघून कुतुबमिनार आठवतो. मशिदीसमोर, मोकळं अंगण सोडून पूर्वेला, मेहमानखाना म्हणून ओळखली जाणारी लांबट इमारत आहे. अंगणात हौदाच्या खुणा आहेत.

आता घुमट. बाहेरून चौकोनी इमारत दोन-तीन मजली वाटते, कारण भिंतीवर आडव्या पट्ट्या आणि कोनाड्यांच्या ओळी आहेत. आत गेलं की एकच उंच दालन. हा दृष्टिभ्रम त्या काळच्या चौकोनी घुमटांचा ठरलेला खेळ आहे. आत कबर एकही नाही. म्हणून हा घुमट म्हणजे मशिदीचा दरवाजा असावा असं बरेच अभ्यासक मानतात. मुलांना विचारावं: कबर नाही, तर हे बांधलं कशाला? पुढच्या पाच मिनिटांची सोय होते.

वर बघताना कोपरे बघावेत. चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसवायचा तर कोपरे भरावे लागतात. प्रत्येक कोपऱ्यात कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन केला, त्यावर आणखी कोन पाडत वर्तुळापर्यंत नेलं. विजापूरचा गोलघुमट बघितलेल्याला हे कोडं ओळखीचं असेल. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी ते सोडवलं, इथे दीडशे वर्षं आधीची साधी रीत आहे.

चौथऱ्याच्या पायऱ्यांची उंची सारखी नाही आणि कठडा नाही. चढताना नव्हे, उतरताना पाय घसरतो, विशेषतः दव असलेल्या सकाळी गुळगुळीत तळाच्या बुटांनी. आजींसाठी दोनच पर्याय आहेत: एक जण खाली सोबत थांबणं, मग अदलाबदल, किंवा आजींना उन्हातल्या बाकावर बसवून थर्मास आणि शाल हाताशी ठेवून जाणं. आधीच्या फेरीत त्यांना जवळचा बाक मिळाला होता, उन्हातला नव्हे. ज्येष्ठांना चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त थकवतं, आणि घुमट बघणं म्हणजे मान वर करून उभं राहणंच. दर दहा मिनिटांनी बसायचं, हे आधीच ठरवून टाकावं. ‘दमलीस का?’ विचारलं तर आजी नाहीच म्हणणार.

शीश गुंबद

समोरच, उत्तरेला. इथे चढायची गरजच नाही, कारण बघायचं ते बाहेर आहे. नावातला ‘शीश’ काचेसारख्या चकचकीत फरशांमुळे आला. एके काळी वरचा भाग निळ्या फरशांनी झळाळत असणार. आता त्यांच्या पट्ट्या थोड्या उरल्या आहेत. भिंतीपाशी उभं राहून त्या दिसत नाहीत. पंधरा-वीस पावलं मागे यावं, छज्जाखालच्या ओळी नजरेने धरून हळूहळू बाजूला सरकावं. मध्येच एखादा तुकडा ऊन परतवतो. दोन निळे आहेत, एक गडद आणि एक आकाशी. नातवाला हे काम द्यायला हरकत नाही. पाच वर्षांचं पोर चमकणारी गोष्ट मोठ्यांच्या आधी शोधतं.

आत कबरी आहेत, कुणाच्या ते ठाऊक नाही. पश्चिमेच्या भिंतीत मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, आहे. म्हणजे आतापर्यंत ओळखायची रीत हाती आली: कबर आहे का, पश्चिमेची भिंत बंद आहे का, इमारत अष्टकोनी की चौकोनी. त्या काळात अष्टकोन सुलतानांसाठी आणि चौकोन सरदारांसाठी, असा ढोबळ संकेत दिसतो. या तीन प्रश्नांवर दिल्लीतले निम्मे बेनाव घुमट वाचता येतात.

सिकंदर लोदीची कबर: शांतता हवी असेल तर इथे

शीश गुंबदपासून उत्तरेला साधारण अडीचशे मीटर. ही कबर बाहेरून दिसत नाही, दिसते ती उंच चौरस तटबंदी. त्यामुळे बरेच लोक किल्ल्याची भिंत समजून बाजूने निघून जातात. दक्षिणेच्या दरवाजासमोर चौथरा आहे, त्यावर दोन छत्र्या, त्यांच्यावर निळ्या फरशांचे अवशेष.

आत गेलं की आवाज बदलतो. रस्त्याची घरघर, पळणाऱ्यांच्या गप्पा, मुलांचा दंगा, सगळं भिंतीबाहेर राहतं आणि राघूंचा कलकलाट तेवढा वरून येतो. बागेत शांत चालायचं असेल तर मुख्य वाटांवर शोधू नये, या तटाच्या आत भिंतीलगत एक फेरी मारावी. पश्चिमेची भिंत बघत जावं, तिच्यातच नमाजाची सोय केलेली आहे.

मधली इमारत पुन्हा अष्टकोनी. आता नातीला विचारायचं, छत्र्या किती? मोहम्मद शाहच्या घुमटाभोवती आठ होत्या, इथे घुमटाभोवती एकही नाही. आराखडा तोच, रूप मात्र गंभीर. इथला घुमट दुहेरी आहे, आतलं कवच वेगळं आणि बाहेरचं वेगळं. कारण सोपं आहे: बाहेरून भव्य दिसावं म्हणून घुमट उंच केला, तर आत उभ्या माणसाला तो विहिरीसारखा खोल वाटतो. दोन कवचं केली की आतली उंची दालनाला शोभेशी ठेवता येते आणि बाहेरची डोळ्यांना शोभेशी. बागेसह तटबंदीत कबर हीच कल्पना पुढे मुघलांनी मोठी केली.

ही कबर इब्राहिम लोदीने बापासाठी बांधली. स्वतः इब्राहिम १५२६ साली पानिपतावर पडला आणि त्याची कबर तिथेच आहे. पानिपत म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १७६१ येतं; हे त्याच्या आधीचं, पहिलं.

दरवाजाला पायऱ्या आहेत. आजींना एकाच ठिकाणी चढवायचं असेल तर ते हे ठिकाण असावं, मोठ्या घुमटाचा चौथरा नव्हे. आत गेल्यावर जमीन बरीचशी सपाट आहे आणि बसायला निवांत आहे.

अठपुला

पुलाला खांब आठ, म्हणून अठपुला; कमानी सात. मधली कमान सगळ्यांत रुंद, दोन्हीकडे जाताना रुंदी कमी होत जाते. हे मोजायला पुलावर जाऊ नये, पाण्याच्या कडेने बघावं. पूल अकबराच्या काळात नवाब बहादूर नावाच्या व्यक्तीने बांधल्याचं सांगितलं जातं. खालून पूर्वी ओढा वाहायचा, आता तळं आहे. पाण्यात हंस-बदकं असतात. त्यांना पाव घालायची हौस मुलांना असते, ती तिथेच थांबवावी: पावाने त्यांची पोटं बिघडतात आणि पाणी सडतं. तळ्याच्या कडेला संध्याकाळी डास फार, विशेषतः पावसाळ्यानंतर, म्हणून लहान मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे.

इथून उत्तरेचं गेट जवळ आहे. फोन करायचा तो इथून.

ही शांतता कुठून आली

या भागाला पाच मिनिटं द्यावीत, चालता चालता मुलांना सांगायला. आपण जिला ‘अवशेषांमधली निवांत बाग’ म्हणतो ती १९३६ साली घडवलेली आहे. त्याआधी इथे खैरपूर नावाचं गाव होतं, या घुमटांच्या भोवती वस्ती होती. गाव हलवलं, जमीन मोकळी केली, हिरवळ पसरली आणि व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने ९ एप्रिल १९३६ रोजी लेडी विलिंग्डन पार्क उघडला. विलिंग्डन म्हणजे आपल्याकडे सांगलीच्या कॉलेजला ज्याचं नाव आहे, तेच. आधी ते मुंबईचे गव्हर्नर होते. स्वातंत्र्यानंतर बागेला लोधी नाव मिळालं. (घराणं लोदी, बाग लोधी. वाद घालू नये, गाडीवाल्याला ‘लोधी’ सांगावं.) १९६८ मध्ये वास्तुकार जोसेफ स्टाइन आणि उद्यानरचनाकार गॅरेट एक्बो यांनी बागेची नव्याने आखणी केली. बागेतलं झाडांसाठीचं काचघर त्याच वेळचं. शेजारचं इंडिया इंटरनॅशनल सेंटरही स्टाइनचंच.

म्हणजे वाटा ज्या वळणांनी जातात, घुमट झाडांमागून अचानक जसा पुढे येतो, ते सगळं विसाव्या शतकातल्या आखणीचं काम आहे. अवशेष पंधराव्या शतकातले, त्यांच्याकडे बघायची चौकट आताची.

ऋतू बदलला तर

फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य हा सर्वांत चांगला काळ. धुकं गेलेलं, वाफे फुललेले, सावर लाल झालेली. तेव्हा साडेसातलाही जाता येतं. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत दहानंतर बाहेर थांबूच नये. पहाटे सहाला शिरून साडेसातला बाहेर, आणि तेही तीनच वास्तू. पावसाळ्यात दगड निसरडे असतात, चौथरे वगळावेत. दिवाळीनंतर हवा खराब असेल त्या दिवशी दमेकऱ्याला घेऊन फेरी करूच नये. बाग हिरवी दिसली म्हणून हवा स्वच्छ होत नाही.

जुन्या घुमटांच्या कमानींखाली मधमाश्यांची पोळी असू शकतात. पोळं दिसलं तर त्या बाजूने जाऊ नये. आवाज, टाळ्या, घुमटात ‘ओ’ देऊन प्रतिध्वनी काढणं हे सगळं तिथे बंद.

नियमांचं थोडक्यात

वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आणि बाग नवी दिल्ली नगरपालिका परिषदेकडे, अशी वाटणी आहे. त्यामुळे हिरवळीवर जे चालतं ते चौथऱ्यावर चालेलच असं नाही. हिरवळीवर डबा उघडता येतो, कबरीच्या दालनात नाही. वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, ड्रोनचा विचारही करू नये. भिंतीवर नाव कोरणं हा १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. डागडुजी चालू असेल तर एखादं दालन बंद मिळतं, तेव्हा त्याची पंधरा मिनिटं सिकंदरच्या तटाला द्यावीत.

सामानात पाण्याच्या दोन बाटल्या, आजींची शाल, थर्मास, पातळ सतरंजी आणि तिच्याखाली घालायला प्लॅस्टिकचा तुकडा. हा तुकडा विसरला तर सतरंजी दवाने दहा मिनिटांत ओली होते आणि मग ती ओली सतरंजी विमानाच्या सामानात जाते. स्वच्छतागृह आत शिरतानाच गाठून घ्यावं. मधल्या टप्प्यात शोधायला निघालं की वाट बदलते आणि क्रम मोडतो.

सुधारलेल्या आराखड्यानुसार हे कुटुंब नऊला आत शिरलं तर सव्वानऊला मोहम्मद शाहची कबर आटपते, साडेनऊच्या आत मोठा घुमट येतो. धुकं त्या सुमाराला वितळू लागलेलं असतं. आजी उन्हात, बाकीचे मशिदीत. दहा-वीसला सिकंदरच्या तटाआत सगळे एकत्र. अकराला पाच कमी असताना नातू पुलाच्या कमानी मोजत असतो. त्याला बहुधा सहाच सापडतात, कारण एका टोकाची अरुंद कमान झाडाआड जाते. ती दिसायला चार पावलं डावीकडे सरकावं लागतं.